बीटल्सच्या तबकडीतली मुंबई

‘बीटल्स’ हे नाव आपल्याकडे बहुतेकांना दोन गोष्टींमुळे ठाऊक असतं. एक म्हणजे त्यांचे कपाळावर आलेले केस आणि दुसरी म्हणजे ऋषिकेश. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलची ही चार मुलं १९६८ च्या फेब्रुवारीत महर्षी महेश योगींच्या आश्रमात आली आणि गंगेकाठी गिटार छेडत बसली. ती छायाचित्रं आपण कधी ना कधी पाहिलेली असतात. पण त्याच्या महिनाभर आधी, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, या चौघांतला एक जण मुंबईच्या फोर्ट भागात आला होता. कचेऱ्यांनी भरलेल्या एका इमारतीत पाच-एक दिवस बसून त्याने तिथे ध्वनिमुद्रण केलं. त्याचं नाव जॉर्ज हॅरिसन. समोर बसलेले वादक मात्र आपले होते. त्यांतल्या काहींची आडनावं होती केंकरे आणि नारिंग्रेकर.

या विषयावर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलं आहे. त्यात गोष्ट साधारण अशी सांगतात: एका इंग्रज गायकाला सतारीचा नाद लागला, तो पंडित रविशंकर यांचा शिष्य झाला आणि त्याच्या गाण्यांत हिंदुस्थानी सूर आला. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. सतार हातात घेतल्यापासून दोन वर्षांत कोणी सतारिया होत नाही, हे आपण जाणतो आणि हॅरिसनही जाणत होता. मग त्या गाण्यांत आपल्याला जे ऐकू येतं ते वाजवलं कोणी? तीन गाणी आणि एक एलपी यांच्या आधाराने आज या उरलेल्या अर्ध्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

तुटलेली तार

जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे चौघं. ‘बँड’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वरात येते. इंग्लंडमध्ये मात्र गिटार, ड्रम घेऊन स्वतःच गाणी रचणारा, गाणारा आणि वाजवणारा हा छोटा संच असतो. १९६२ साली त्यांची पहिली तबकडी आली आणि १९७० मध्ये ते वेगळे झाले. आठ वर्षांत त्यांनी जगभरच्या लोकप्रिय संगीताची चालच बदलली.

१९६५ च्या अखेरीस आलेल्या ‘रबर सोल’ या त्यांच्या एलपीत ‘नॉर्वेजियन वुड’ नावाचं गाणं आहे. त्यात हॅरिसनने सतार वाजवली. वाजवली म्हणजे गिटारवर वाजवावी तशी चाल सतारीच्या तारांवर काढली. ध्वनिमुद्रणाच्या वेळी सतारीची तार तुटली, असं सांगतात. लंडनमध्ये सतारीची तार कुठे मिळणार? चौकशी करता करता ‘एशियन म्युझिक सर्कल’ या संस्थेचा पत्ता लागला. कर्नाटकातून इंग्लंडला गेलेले अयन अंगडी आणि त्यांच्या इंग्रज पत्नी पॅट्रिशिया ही संस्था चालवत. इंग्लंडमध्ये राहणारे आपले वादक त्यांच्या ओळखीचे होते. तारेच्या निमित्ताने ते दार उघडलं आणि पुढची तीन वर्षं उघडं राहिलं.

१९६६ च्या एप्रिलमध्ये हॅरिसनने ‘लव्ह यू टू’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ या एलपीत आलं. हे गाणं जरूर ऐका. सुरुवातीला सतारीचे सुटे सूर येतात, ताल नाही. आपण त्याला आलाप म्हणू. मग लय ठरते, तबला येतो, गाणं सुरू होतं आणि शेवटाकडे लय चढते. गंधार आणि निषाद कोमल असल्यामुळे काफी थाटाची आठवण होते. मैफलीत दीड तास चालणारा प्रवास इथे तीन मिनिटांत बसवला आहे. इंग्लंडमधल्या लोकप्रिय संगीतात असं यापूर्वी कोणी केलं नव्हतं.

या गाण्यातला तबला आहे अनिल भागवत यांचा. आडनाव ऐकून मराठी कान टवकारतात! भागवतांनी पुढे सांगितलेली हकिगत मोठी गमतीची आहे. संध्याकाळी मोकळे आहात का, असा अंगडींचा फोन आला. न्यायला रोल्स-रॉइस गाडी आली तेव्हा त्यांना उमगलं की आपल्याला बीटल्सबरोबर वाजवायचं आहे. हॅरिसनने सोळा मात्रांत, रविशंकरांच्या साथीला शोभेल असं काही वाजवा एवढंच सुचवलं. बाकी तुमच्या मनाने वाजवा, म्हणाला. या प्रसंगात एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट घडली. ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर अनिल भागवतांचं नाव छापलं गेलं. बीटल्सच्या तबकड्यांवर बाहेरच्या वादकाचं नाव येणं त्या काळात फार दुर्मीळ होतं.

आकाशवाणीची फीत

त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये हॅरिसनची रविशंकरांशी भेट झाली आणि सप्टेंबर १९६६ मध्ये तो पत्नीसह मुंबईला आला. ताज हॉटेलात त्याने ‘सॅम वेल्स’ असं खोटं नाव नोंदवलं होतं. पण ओळख पटलीच आणि हॉटेलबाहेर तरुण मुलामुलींची गर्दी उसळली. शेवटी पत्रकार परिषद घेऊन मी इथे सतार शिकायला आलो आहे, मला निवांत असू द्या, असं त्याला सांगावं लागलं. मग गुरू-शिष्य काश्मीरला गेले. रविशंकर कामात असले की त्यांचे शिष्य शंभू दास हॅरिसनचा रियाज घेत. शंभू दास यांचं नाव ध्यानात असू द्या, ते पुढे परत येणार आहेत.

या शिक्षणाचं फळ म्हणजे १९६७ चं ‘विदिन यू विदाउट यू’. मे महिन्याच्या अखेरीस आलेल्या ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ या गाजलेल्या एलपीची दुसरी बाजू या गाण्याने सुरू होते. ही हकिगत रेडिओच्या श्रोत्यांना विशेष आवडेल. रविशंकरांनी आकाशवाणीसाठी एक दीर्घ रचना केली होती, अर्ध्या-पाऊण तासाची. तिच्यावर बेतून, तिला पाच मिनिटांत आटोपतं करून आपण हे गाणं रचलं, असं हॅरिसननेच सांगितलं आहे. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध रॉक एलपीतल्या एका गाण्याचं मूळ आपल्या आकाशवाणीच्या फितीत आहे.

गाण्याचे सूर खमाज थाटाचे. गातो ते तीनतालात, सोळा मात्रांत. मध्ये नुसत्या वाद्यांचा तुकडा येतो तेव्हा मात्र ताल बदलतो आणि दहा मात्रांचा, झपतालाच्या वळणाचा होतो. आपण ‘धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना’ असं हातावर मोजत ऐकलं तर सहज जमून जातं. चार-चारच्या ठोक्यांवर पाय आपटणाऱ्या इंग्रज श्रोत्याला मात्र हे दोन-तीन, दोन-तीनचं चालणं नवीन होतं. याच तुकड्यात सतार आणि दिलरुबा यांची सवाल-जवाबासारखी जुगलबंदी आहे. नंतर निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी आठ व्हायोलिनं आणि तीन चेलो वाढवले. दिलरुब्याची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, ही पाश्चात्त्य वादकांकडून हुबेहूब वाजवून घेताना फार कष्ट पडले. ऐकताना कान त्या मिंडीकडे लावा. दिलरुबा कुठे संपला आणि व्हायोलिन कुठे सुरू झालं ते चटकन सांगता येणार नाही.

या गाण्यात हॅरिसनखेरीज दुसरा एकही बीटल नाही. साथीला होते एशियन म्युझिक सर्कलचे वादक. लंडनमध्ये धंदेवाईक हिंदुस्थानी वादक तेव्हा जवळजवळ नव्हते. ही मंडळी दिवसा नोकरी करणारी आणि संध्याकाळी, सुटीच्या दिवशी वाजवणारी होती. तालमीतच तासन् तास गेले, असं हॅरिसनने सांगितलं. आणि या वेळी वेष्टनावर कोणाचंच नाव आलं नाही. या एलपीचं मुखपृष्ठ जगप्रसिद्ध आहे. त्यावर पन्नासांहून अधिक थोरामोठ्यांचे चेहरे आहेत. लाहिरी महाशय, परमहंस योगानंद आहेत. महात्मा गांधींचंही चित्र होतं, पण भारतातले लोक दुखावतील म्हणून ते कंपनीने काढायला लावलं. चेहऱ्यांचा एवढा विचार झाला आणि वादकांची नावं राहून गेली. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी ही त्यांची नावं. २०१७ मध्ये, एलपीला पन्नास वर्षं होताना, इंग्लंडमध्ये ती लोकांपुढे ठळकपणे आली.

फोर्टमधला स्टुडिओ

आता मुंबईकडे येऊ. १९६७ च्या अखेरीस ‘वंडरवॉल’ नावाच्या इंग्रजी चित्रपटाचं संगीत हॅरिसनने स्वीकारलं. दिग्दर्शक जो मॅसो. कथा एका एकलकोंड्या शास्त्रज्ञाची आहे. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसणारा हा माणूस घराच्या भिंतीतल्या छिद्रातून शेजारच्या तरुणीचं जग पाहू लागतो. चित्रपटात संवाद थोडे, त्यामुळे संगीताला वाव भरपूर. हॅरिसनने हातात स्टॉपवॉच धरून प्रत्येक प्रसंगाचे सेकंद मोजले आणि वहीत लिहून घेतले. इथे चाळीस सेकंद, तिथे सव्वा मिनिट. तेवढ्यात भाव उभा राहिला पाहिजे आणि तेवढ्यातच संपला पाहिजे.

हे काम लंडनमधल्या हौशी वादकांकडून होण्यासारखं नव्हतं. हॅरिसन ७ जानेवारी १९६८ ला मुंबईला निघाला. सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर, युनिव्हर्सल इन्शुरन्सच्या इमारतीत, ग्रामोफोन कंपनीचा स्टुडिओ होता. ग्रामोफोन कंपनी म्हणजे आपली एचएमव्ही, कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचा छाप असलेली. मराठी भावगीतं, नाट्यपदं आणि अभंग ज्या शिक्क्याखाली घरोघर पोचले तोच हा शिक्का. बीटल्सच्या तबकड्या काढणारी लंडनची ईएमआय ही तिची पालक कंपनी, त्यामुळे स्टुडिओ मिळायला अडचण नव्हती.

अडचणी पुढच्याच होत्या. स्टुडिओ कचेऱ्यांच्या वरच्या मजल्यावर आणि ध्वनिरोधक व्यवस्था जवळजवळ नाही. साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावर पावलांचा धडधडाट सुरू होई आणि ध्वनिमुद्रण थांबवावं लागे. रस्त्यावरच्या टॅक्सींचं काय करणार? कान देऊन ऐकलंत तर तबकडीतल्या काही तुकड्यांत मुंबईच्या टॅक्सी जाताना ऐकू येतात, असं हॅरिसनने नंतर हसत सांगितलं. यंत्रही जुनं, एकाच मार्गावर सगळं टिपणारं मोनो. तेव्हा कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन मार्गांचं स्टिरिओ यंत्र रेल्वेने मुंबईला आणलं. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटॉल या मोठ्या कंपनीचे प्रमुख झाले.

वादक जमवायला शंभू दास आणि कंपनीचे विजय दुबे मदतीला होते. आणि वादक कोण, तर संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर एस. आर. केंकरे, सुरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, तारशहनाईवर विनायक व्होरा, हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाड, अशी ही मंडळी.

पाच-एक दिवसांत चित्रपटाला लागेल एवढं आणि वर आणखी थोडं, असं काम उरकलं. लंडनमध्ये एका गाण्याच्या तालमीला जो वेळ लागला होता त्याच्या तुलनेत हा वेग थक्क करणारा आहे. तो आला कुठून? उत्तर मुंबईच्या सिनेमाच्या धंद्यात आहे. त्या काळी चित्रपटाचं गाणं म्हणजे एका खोलीत पन्नास-साठ वादक, मधोमध गायक आणि सगळ्यांचं मिळून एकच ध्वनिमुद्रण. शेवटच्या ओळीला एकाचा सूर हुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून वाजवायचं. त्यामुळे चूक परवडत नसे. वादक सकाळी स्टुडिओत पोचे, चाल तिथेच पहिल्यांदा कानावर पडे आणि दुपारपर्यंत ती तबकडीसाठी पक्की झालेली असे.

शिवाय या खोलीत दोन परंपरा शेजारी बसत. एका बाजूला गोव्याहून आलेले वादक आणि संयोजक. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्याकडचे सेबास्टियन डिसोझा यांची नावं संगीतप्रेमींना ठाऊक आहेत. पाश्चात्त्य पद्धतीने कागदावर लिहिलेले सूर बघून वाजवण्यात ही मंडळी तरबेज. दुसऱ्या बाजूला घराण्यांत तयार झालेले सतारिये, सरोदिये, बासरीवाले. ते सरगम टिपून घेत. दोघांना एकमेकांची भाषा कामापुरती कळू लागली होती. शिवकुमार शर्मांचं उदाहरण घ्या. व्ही. शांताराम यांच्या १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’च्या पार्श्वसंगीतात त्यांचं संतूर होतं. म्हणजे प्रसंगाचे सेकंद मोजून वाजवण्याचा सराव हॅरिसन येण्याच्या बारा-तेरा वर्षं आधीपासूनचा. १९६७ मध्ये त्यांनी हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांच्यासह ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही एलपी केली. तबल्यावर माणिकराव पोपटकर. एका मेंढपाळाच्या दिवसाची गोष्ट रागांतून सांगणारी ती तबकडी आजही ऐकली जाते. वाद्यांनी गोष्ट सांगायची ही विद्या मुंबईत तयारच होती. हॅरिसनने ती ओळखली, हे त्याचं मोठेपण.

पखवाजाची कणीक

मुंबईतले आणि इंग्लंडमधले तुकडे जोडून ‘वंडरवॉल म्युझिक’ ही एलपी १ नोव्हेंबर १९६८ रोजी इंग्लंडमध्ये आली. बीटल्सनी स्वतः काढलेल्या ‘ॲपल’ कंपनीची ही पहिली एलपी. एकोणीस छोटे तुकडे, सगळे मिळून पाऊण तासाचे. त्यांतल्या काहींत लिव्हरपूलच्या ‘रेमो फोर’ या संचाची गिटार-ड्रमची धमाल आहे, तर काहींत आपली वाद्यं.

मी राहतो ते सूस हे मुळशी तालुक्यातलं गाव. पाषाणकडून येताना खिंड ओलांडली की लागतं. २०२१ मध्ये ते पुणे महापालिकेत आलं. हिंजवडीत नोकरी करणारी तरुण मंडळी आता इथे मोठ्या संख्येने राहतात आणि जुनी भजनी मंडळंही आहेत. आमच्या ओळखीची दहा-बारा माणसं अधूनमधून एकत्र बसून तबकड्या ऐकतात. एकदा मी हीच एलपी लावली. ‘तबला अँड पखावज’ नावाचा तुकडा सुरू झाला. तिथे आमच्या गावातले एक भजनातले वादक बसले होते. बीटल्स कोण याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही. त्यांनी दोन आवर्तनं ऐकली आणि म्हणाले, “कणीक ताजी आहे.” तरुण मुलं बघत राहिली. मग त्यांनी समजावून सांगितलं. तबल्याच्या डग्ग्याला पक्की शाई असते. पखवाजाच्या डाव्या पुडीला मात्र वाजवण्यापूर्वी ओली कणीक लावतात, म्हणून तो घुमारदार, खोल आवाज येतो. कणीक सुकत गेली की आवाज उतरतो. हा पखवाज वाजवला आहे महापुरुष मिश्र यांनी. सूसच्या देवळातल्या आणि लंडनच्या तबकडीतल्या आवाजाची जात एकच आहे, हे ओळखायला त्या वादकांना वेष्टन वाचावं लागलं नाही.

एलपी ऐकायचीच असेल तर आणखी चार ठिकाणी थांबा. ‘मायक्रोब्ज’ या पहिल्याच तुकड्यात दोन सनया आहेत. आपल्याकडे सनई म्हणजे मंगल प्रसंग, लग्नाचा मांडव. इथे ती एकट्या माणसाच्या उदास खोलीत वाजते, आणि आपल्या कानांना जरा चमत्कारिक वाटतं. ‘इन द पार्क’मध्ये संतूर आहे, उन्हात पाणी चमकावं तसं. ‘गत किरवाणी’त किरवाणी रागातली द्रुत गत आहे, सव्वा मिनिटाची. मैफलीत कलावंत तासाभराच्या चढणीनंतर जिथे पोचतो तिथूनच हा तुकडा सुरू होतो. आणि ‘क्राइंग’. यात विनायक व्होरांची तारशहनाई आहे. हे वाद्य इसराजाच्या जातीचं, गजाने वाजवायचं. त्याला ग्रामोफोनसारखा छोटा कर्णा जोडलेला असतो, त्यामुळे तारेचा आवाज सनईसारखा अनुनासिक होतो. जुन्या हिंदी चित्रपटांत नायिका रडू लागली की मागे जे वाद्य कळवळतं ते पुष्कळदा हेच. हॅरिसनला रडणं हवं होतं आणि रडणं कोणत्या वाद्यात आहे हे मुंबईला माहीत होतं.

न हलता केलेला प्रवास

चित्रपटाचं काम उरकल्यावर १२ जानेवारीला त्याच स्टुडिओत एका गाण्याची वाद्यसंगत ध्वनिमुद्रित झाली. ते गाणं ‘दि इनर लाइट’. केंब्रिजचे संस्कृतचे अभ्यासक, गीतेचे इंग्रजी भाषांतरकार हुआन मस्कारो यांनी हॅरिसनला एक पुस्तक पाठवलं होतं. लाओत्सेच्या ‘ताओ ते चिंग’मधल्या सत्तेचाळिसाव्या प्रकरणाला चाल लावून बघ, असं सुचवलं होतं. जग कळण्यासाठी जगभर हिंडावंच लागतं असं नाही, अशा आशयाचा तो मजकूर. चिनी विचार, संस्कृत पंडिताची शिफारस, इंग्रज गायक आणि मुंबईची वाद्यं! आणि प्रवास नको म्हणणाऱ्या गाण्यासाठी गायकाने सात हजार किलोमीटरांचा प्रवास केला होता, ही त्यातली गंमत.

गायन फेब्रुवारीत लंडनला झालं. चाल उंच पट्टीत असल्यामुळे हॅरिसन कचरत होता. लेनन आणि मॅकार्टनी यांनी धीर दिला आणि शेवटी सुरात सूरही मिसळला. वाद्यांची योजना पाहा. सरोद, सनई, बासरी, हार्मोनियम आणि पखवाज. मैफलीत ही पाच वाद्यं अशी एकत्र बसत नाहीत. पण चित्रपटाच्या वाद्यवृंदात सहज बसतात. सरोद आणि सनई वेगात येऊन जातात, की लगेच सगळं शांत होऊन बासरी आणि हार्मोनियम गायकाला जागा करून देतात. हे ‘तुकडा आणि अंतरा’ यांचं गणित मुंबईच्या गाण्याचं आहे. १५ मार्च १९६८ रोजी हे गाणं ‘लेडी मॅडोना’ या गाण्याच्या मागच्या बाजूला प्रसिद्ध झालं. तबकडीवर वादकांची नावं नव्हती. हरिप्रसाद चौरसिया, आशिष खाँ, रिजराम देसाड ही नावं अभ्यासकांनी मागाहून त्याच्याशी जोडली. २०१८ मध्ये बीटल्सच्या एका एलपीची पन्नास वर्षांची आवृत्ती निघाली तेव्हा गाण्याची नुसती वाद्यसंगत त्यात देण्यात आली. गायकाचा आवाज काढल्यावर काय उरतं ते आता कोणीही ऐकू शकतो. उरते मुंबई.

आपल्याकडच्या जाणकारांना हे सगळं फारसं रुचलं नव्हतं. रागाचं असं चुटकीसरशी दर्शन घडवणं म्हणजे रागाचा अपमान, असं म्हणणारे होते. खुद्द रविशंकरांना ‘नॉर्वेजियन वुड’मधली सतार आवडली नव्हती. आक्षेप समजण्यासारखा आहे. पण हे राग-संगीत म्हणून ऐकू नये, असं मला वाटतं. आपण चित्रपटगीत ऐकतो तसं, कारागिरी म्हणून ऐकावं. हॅरिसनने मात्र नातं तोडलं नाही. १९७४ मध्ये रविशंकरांच्या वादकसंचाचा युरोप-अमेरिकेचा दौरा त्याच्या आश्रयाने झाला. त्यात शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि रिजराम देसाडही होते.

नावाची गोष्ट

‘वंडरवॉल म्युझिक’च्या वेष्टनावर हॅरिसनने वादकांची यादी छापली, हे त्याच्या प्रामाणिकपणाला शोभणारंच होतं. ती यादी वाचताना मात्र हसू येतं आणि वाईटही वाटतं. शर्मा यांचं ‘शर्मर’ झालं आहे. नारिंग्रेकर हे आडनाव गळून नुसतं ‘चंद्रशेखर’ उरलं आहे. सनईवाल्या शरद आणि हनुमान यांचं आडनाव इंग्रजीत ‘जाडेव’ वाचता येईल असं छापलं आहे. मराठी माणूस मनातल्या मनात तिथे ‘जाधव’ म्हणून मोकळा होतो. पण निदान नावं आहेत. त्याच काळातल्या आपल्या हिंदी-मराठी चित्रपटगीतांच्या तबकड्या काढून बघा. गायक आहे, संगीतकार आहे, गीतकार आहे. ज्या बासरीच्या तुकड्यावरून आपण गाणं ओळखतो तो वाजवणारा बहुधा कुठेच नाही. त्याला त्या दिवसाचं मानधन मिळे. तबकडी पुढे किती खपली याच्याशी त्याचा संबंध नसे.

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलावंताला त्याच्या सादरीकरणाच्या व्यापारी वापरातून मोबदल्याचा हक्क मिळाला. पण त्याच कायद्यात एक अट आहे. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, तो कायद्याच्या दृष्टीने ‘कलावंत’ धरला जात नाही. आपलं सादरीकरण विद्रूप करू नये, एवढंच तो म्हणू शकतो. म्हणजे नाव छापलं गेलं की नाही, यावर हक्क ठरू शकतो. वेष्टनावरची एक ओळ किती मोलाची असते, ते यावरून ध्यानात यावं. आज मोबाइलवर गाणं लावलं की पडद्यावर गायकाचं नाव येतं, कधी संगीतकाराचंही. सनई कोणाची, हे बहुतेक वेळा कळत नाही.

आकाशवाणीने या बाबतीत एक चांगली सवय जोपासली. शास्त्रीय गायन संपलं की निवेदक सांगतात, तबल्यावर साथ केली अमुक यांनी, संवादिनीवर अमुक. दोन वाक्यांचा हा शिष्टाचार आहे. पण त्यामुळे गावोगावच्या साथीदारांची नावं घराघरांत पोचली. तोच शिष्टाचार पाळून, अठ्ठावन्न वर्षांपूर्वीच्या या एलपीसाठी एवढं निवेदन करतो. ‘वंडरवॉल म्युझिक’. संगीत जॉर्ज हॅरिसन. सरोद आशिष खाँ. तबला आणि पखवाज महापुरुष मिश्र. सनई शरद आणि हनुमान जाधव. सतार शंभू दास, इंद्रनील भट्टाचार्य आणि शंकर घोष. सुरबहार चंद्रशेखर नारिंग्रेकर. संतूर शिवकुमार शर्मा. बासरी एस. आर. केंकरे. तारशहनाई विनायक व्होरा. हार्मोनियम आणि तबलातरंग रिजराम देसाड.